पावसाळी रान, अंधारा पऱ्या आणि बुजरे पक्षी: उजेड नसताना फोटो कसा काढता?

पऱ्याकाठची

नमस्कार मंडळी,

मृग लागून आठवडा झाला आणि मी आजोळी येऊन पोचले आहे. संगमेश्वर तालुक्यात आमच्या मामाच्या घरामागून एक पऱ्या, म्हणजे रानातला ओढा, वाहतो. दोन्ही काठांना किंजळ, आईन, रातांब्याची दाटी, वर वेलींचं छत. भर दुपारीही तिथे दिवेलागणीची वेळ वाटते. पऱ्याच्या कडेला लाल मातीची उभी दरड आहे आणि तिच्यात दर पावसाळ्यात तिबोटी खंड्याची जोडी बीळ खणते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: हा खंड्या चिमणीहूनही जरा लहान, जेमतेम १३ सेंमी. पोट हळदीच्या रंगाचं, पाठ निळीकाळी, कमरेवर जांभळी झाक, चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल. बाकी बहुतेक खंड्यांना पायाला चार बोटं, याला तीन, म्हणून तिबोटी. पावसाच्या तोंडावर कोकणात येतो, सप्टेंबरपर्यंत पिल्लं उडवून निघून जातो. म्हणजे दिसतो तो नेमका वर्षातल्या सगळ्यात अंधाऱ्या दिवसांत.

माझा हा चौथा पावसाळा. छोट्या सेन्सरचा कॅमेरा, १५०-६०० मिमी लेन्स, मोनोपॉड (एका पायाचा आधार). पऱ्यात कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर काय सांगतं ते लिहिते, म्हणजे अडचण कळेल. ६०० ला अ‍ॅपर्चर ६.३ च्या पुढे उघडत नाही, उजेड आत यायची वाट तेवढीच. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ३२०० ठेवला तर शटर येतं १/६० सेकंद. ‘जेवढी फोकल लेंग्थ तेवढं शटर’ (६०० मिमीला १/६०० सेकंद) हा नियम धरला, त्यात सेन्सर छोटा, तर मला १/९०० हवं. म्हणजे जवळपास चार स्टॉप कमी (दर स्टॉपला उजेड निम्मा). एवढा आयएसओ चढवला की पक्ष्याची पिसं जाऊन पोह्यासारखं काहीतरी दिसतं.

पहिली दोन वर्षं मी हे गणित कॅमेऱ्याकडून सोडवायला गेले आणि हरले. तिसऱ्या वर्षी मामा म्हणाला, “बाय, तू त्याच्या मागं धावतीस म्हनून त्यो लांब ऱ्हातो. बसून ऱ्हा. पऱ्यातला धोंडा हो.” त्या पावसात मी एका जागी बसायला शिकले. पहिल्या दिवशी पक्षी बारा-तेरा मीटरवर बसला, पाचव्या दिवशी सहा मीटरवर. अंतर निम्मं झालं की पक्षी चित्रात चौपट जागा घेतो. मग क्रॉप करावं लागत नाही, आणि क्रॉप नाही तर तोच आयएसओ ६४०० बघवतो! माझ्या मते काळोखातल्या पक्ष्याचा प्रश्न उजेडाचा कमी आणि अंतराचा जास्त आहे.

तरी दोन गोष्टी अजून सुटत नाहीत. गडद पक्षी गडद जागी बसला की एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, चुकतं. आणि सगळ्या फोटोंवर एक शेवाळी हिरवट छटा येते. तुम्ही काय करता? फक्त खंड्याबद्दल नको, नवरंग, कस्तूर, कर्णा, जो जो अंधारात लपतो त्याच्याबद्दल लिहा.

कातळसडा

उत्तम धागा. मी आंबोलीला बरीच वर्षं पावसात जातो, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

गडद पक्ष्याचं आधी. शीळकरी कस्तूर घ्या. निळाकाळा पक्षी, बसतो धबधब्याच्या ओल्या काळ्या कातळावर. मीटरला कातळ काळा आहे हे कळत नाही, ते चौकटीत जे काही आहे त्याला करडं करायला बघतं. परिणामी कातळ राखाडी, पाणी पांढरं फटक आणि कस्तूर धुतलेल्या जीन्ससारखा. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) उणे १ ते उणे १.७ करा. काळं काळं राहू दे. त्याच्या कपाळावरची आणि खांद्यावरची चमकती निळाई तेव्हाच उठून येते. जादा फायदा असा की उणे केल्याने शटर तेवढं वाढतं.

नवशिक्यांना सांगतात, ‘पांढरा पक्षी असेल तर अधिक करा, काळा असेल तर उणे.’ हे अर्धंच खरं आहे. पक्षी चौकटीत किती मोठा आहे त्यावर सगळं अवलंबून. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर गर्द झाडीत बसला आणि चौकटीच्या दहाव्या हिश्शाएवढाच असला, तर मीटर झाडी बघतं, नर्तक नाही. तिथे ‘अधिक’ केलंत तर त्याच्या शेपटीच्या फितीतलं एकही पीस उरणार नाही, नुसता चुन्याचा पट्टा. तिथेही उणेच करायचं. उलट पांढऱ्या ढगांवर धनेश उडत असेल तर अधिक १.३, कधी अधिक २. पक्ष्याचा रंग नंतर बघा, आधी मागे काय आहे ते बघा.

धुक्यात फोकसचा त्रास वेगळा. कॉन्ट्रास्टच नसल्याने लेन्स पुढे-मागे हिंडत बसते. एकच मधला पॉइंट घ्या, लेन्सला अंतर-मर्यादेचं बटण असेल तर लावा. पक्षी ज्या फांदीवर येऊन बसतो ती ठरलेली असते. तिच्यावर आधीच फोकस करून ठेवा.

हिरवाचाफा

ताई, हिरवट छटा पानांची. वरचं छत हिरवं, त्यातून गाळून येणारा उजेड हिरवा, खाली शेवाळावरून परततो तोही हिरवाच. कॅमेऱ्याचं ऑटो त्याला पुरं पडत नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर घरी आल्यावर टिंटची पट्टी मॅजेंटाकडे सरकवा. किती सरकवायची यासाठी मी एक करते. बसायची जागा ठरली की करड्या रंगाचं कार्ड पक्ष्याच्या फांदीजवळ धरून एक फोटो काढून ठेवते, पक्षी यायच्या आधी. घरी त्या कार्डावरून रंग जुळवायचा आणि तोच बाकीच्या फोटोंना लावायचा. कार्ड नसेल तर ओला नसलेला राखाडी दगडही चालतो. तिबोटीच्या कमरेची जांभळी झाक या हिरवटपणातच मरते. जपून सरकवा मात्र, जास्त झालं तर पोटाची हळद शेंदरी होते.

फोटो दाखवा ना इथे!

पाणवठा

नॉइजबद्दल (आयएसओ चढवल्यावर येणाऱ्या दाणेदारपणाबद्दल) माझं ठाम मत: आयएसओला घाबरून अंधारा फोटो काढायचा आणि घरी उजळायचा, यासारखी चूक नाही. सावलीत दडलेला नॉइज उजळल्यावर सगळा वर येतो, त्यातही जुन्या कॅमेऱ्यांत रंगीत ठिपके. त्यापेक्षा ६४०० ला बरोबर एक्स्पोज केलेला फोटो स्वच्छ असतो. हल्लीची नॉइज काढणारी सॉफ्टवेअर पुष्कळ काम करतात. हललेला फोटो मात्र कोणी सरळ करून देत नाही.

(कातळसडा यांच्या उणे करण्याशी याचा विरोध नाही. ते पक्ष्याचा खरा गडदपणा राखायला सांगताहेत. मी पक्षीच काळोखात बुडवू नका म्हणतोय.)

दुसरं, हात हलणं आणि पक्षी हलणं हे दोन वेगळे आजार आहेत. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन पहिल्यावरच औषध आहे. मोनोपॉड आणि स्टॅबिलायझेशनवर ६०० ला १/६० सहज निघतं, सराव असेल तर १/३० सुद्धा. पण तेवढ्यात पक्ष्याने मान वळवली तर डोळा गेला. म्हणून पक्ष्याचा ठेका ओळखायचा. नवरंग पाचोळा उलटतो, दोन उड्या मारतो आणि थांबतो. त्या थांबण्यात शेपटी वरखाली होत असते, पण डोकं स्थिर असतं. त्या क्षणी आठ-दहाची फैर. पहिला फोटो बोट दाबल्याने हलतो, तिसरा-चौथा नीट येतो. माझे नवरंगाचे सगळे चांगले फोटो १/३० ते १/८० मधले आहेत, आणि त्या प्रत्येकामागे चाळीसेक पुसलेले आहेत.

निळीझाक

कर्ण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मलबारी कर्णा हा अंधारात फोटो काढायला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अवघड पक्षी. सोपा, कारण एकदा बसला की मिनिटंच्या मिनिटं हलत नाही, १/१५ ला सुद्धा मिळतो. अवघड, कारण त्याला तुमची चाहूल लागली की तो पाठ फिरवून बसतो. नराचं लालभडक पोट पलीकडे, तुमच्याकडे पिंगट पाठ. पानांत अगदी मिसळून जातो. तुम्ही वळसा घालून पुढून जायला गेलात की तो पुन्हा वळतो किंवा निघून जातो.

तिळारीच्या बाजूला एकदा असाच एक नर पाठमोरा बसला. माझ्या बरोबरचे दोघे वळसा घालायला निघाले, त्यांना हाताने थांबवलं. आम्ही तिघं तिथेच खाली बसलो. वीस मिनिटांनी त्याने अंग न हलवता मान अर्धी फिरवली, सावकाश, घुबड फिरवतं तशी. डोळ्याभोवतीचं निळं कडं दिसलं. आणखी दहा मिनिटांनी त्याने फांदीवरच्या फांदीवर तोंड आमच्याकडे केलं. त्याचं तो पुन्हा किडे शोधायला लागला, तेव्हा कळलं की आता आपण त्याच्या हिशोबात नाही.

कातळसडा

निळीझाक, सुंदर लिहिलंत. खाली बसणं हाही मोठा भाग आहे. उभा माणूस पक्ष्याला दुरून कळतो. बसलेल्या माणसाची बाह्यरेषा मोडते.

रानशीळ

सगळं ठीक आहे, पण वीस मिनिटं आणि पाच दिवस कुणाकडे आहेत? मी पुण्यात नोकरी करतो, मिळतो एक रविवार. मोबाइलवर नवरंगाची शीळ लावली की दोन मिनिटांत पक्षी समोर, उघड्यावर, उजेडात. दोन-चार मिनिटं वाजवून बंद करतो. घरट्याला हात लावत नाही. यात नुकसान काय, हे खरंच समजून घ्यायचं आहे.

पाणवठा

रानशीळ, विचारलंत हे चांगलं केलंत, म्हणून सविस्तर सांगतो. नवरंग कोकणात येतो तो वीण करायला. त्याची दोन सुरांची शीळ म्हणजे ‘ही जागा माझी’ असा पुकारा. तुम्ही मोबाइलवर ती वाजवता तेव्हा त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. तो उघड्यावर येतो तो भांडायला. अंडी उबवण्यात, चारा आणण्यात जाणारा वेळ तो नसलेल्या वैऱ्याला शोधण्यात घालवतो, आणि उघड्यावर आल्याने शिक्र्याच्या नजरेत येतो. तुमची दोन मिनिटं, तुमच्यानंतर येणाऱ्या गटाची दोन मिनिटं, त्यानंतर आणखी कुणाची. रविवार सगळ्यांनाच एक असतो आणि नवरंगाची जागा लोकांना माहीत झालेली असते.

फोटोच्या बाजूनेही बघा. भांडायला आलेला पक्षी ताठ असतो, पिसं आवळलेली. पाचोळा उलटत गांडूळ ओढणारा नवरंग वेगळाच दिसतो.

जुनीछत्री

मी वयाने तुम्हा सगळ्यांहून मोठा असेन. गुडघ्यांमुळे ओढ्यात बसणं होत नाही. मी पैसे भरून लपणाच्या खोपटात जातो. कापडाचा आडोसा, खुर्ची, समोर पाण्याची उथळ थाळी. उन्हाळ्यात त्या पाण्यावर काय काय उतरतं! नारंगी डोक्याचा कस्तूर मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे नीट पाहिला, साठी उलटल्यावर. ज्याच्या जागेत ते खोपट आहे त्या शेतकऱ्याने मला सांगितलं की लोक यायला लागले म्हणून त्याने ती झाडं तोडायला दिली नाहीत. तेव्हा सरसकट नावं ठेवू नका.

मात्र एक वाईटही पाहिलं. एका ठिकाणी, नाव घेत नाही, तिबोटीच्या बिळासमोर पाच मीटरवर सात-आठ जणांची रांग लावली होती. समोरच्या वेली कापलेल्या, हवी तशी फांदी रोवलेली. कॅमेऱ्यांचा खडखडाट. मी पैसे भरले होते, तरी उठून आलो. परत गेलो नाही.

पऱ्याकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं पाण्याच्या थाळीबद्दलचं म्हणणं पटलं. वेळ पक्षी ठरवतो, आडोसा कायमचा, त्याला सवय होते. बिळासमोरच्या रांगेबद्दल मात्र मला स्वतःचं सांगायचं आहे, कारण पहिल्या वर्षी मीही बिळासमोर बसले होते. एकटीच होते, आठ मीटरवर होते, हिरवे कपडे होते. मला वाटलं एवढं पुरे.

जुलैचा शेवट होता. मादी होती की नर ते सांगता यायचं नाही, दोघं सारखेच दिसतात. चोचीत एक सापसुरळी आडवी धरलेली, शेपटी अजून वळवळत होती. पक्षी वेलीवर बसला, तिला दोनदा फांदीवर आपटली, गप्प केली. मग डोकं वर-खाली, वर-खाली. मला वाटलं माझ्यासाठीच बसलाय. मी फोटो काढत सुटले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तो उडून पलीकडच्या फांदीवर गेला, परत आला, सापसुरळी तशीच चोचीत. चाळीस मिनिटं तो बिळात गेला नाही. चाळीस मिनिटांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो बसलेला नाही, अडलेला आहे. मी मागे मागे सरकत दगडी गडग्यापाशी गेले, आणि मी वळते न वळते तोच तो बाणासारखा बिळात शिरला.

त्या दिवशीचे फोटो तांत्रिकदृष्ट्या बरे आहेत, पण मी ते कुठे टाकले नाहीत. आता मी बिळापासून बरीच खाली, पऱ्याच्या वळणावर बसते. तिथे तो मासे आणि खेकडे धरायला येतो आणि तिथून बीळ दिसतही नाही. त्याच्या चोचीत भक्ष्य असेल आणि तो माझ्याकडे बघून थांबला असेल, तर मी कॅमेरा खाली ठेवते आणि तोंड फिरवते.

रानशीळ, कायद्याचंही माहीत असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना व्यत्यय आणणं मोडतं. हात लावला नाही म्हणजे काही केलं नाही, असं नसतं.

रानशीळ

वाचलं. ते वैऱ्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आवाज काढून टाकतो मोबाइलमधून. मग एका रविवारात काय करू ते सांगा.

कातळसडा

एका रविवारात एकच जागा. पाच ठिकाणी फिरू नका. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात जा, सकाळी लवकर आत शिरा, ओल असलेल्या ओहोळाजवळ पाचोळा असेल तिथे खाली बसा आणि दोनपर्यंत हलू नका. नवरंग पहाटे आणि संध्याकाळी बोलतो, त्यावरून दिशा कळेल. फोटो मात्र अकरा ते दोनमध्ये घ्या. पावसाळ्यात ‘सकाळचा कोवळा उजेड’ विसरा, दाट छताखाली तो पोचतच नाही. ढगाळ दुपारी डोक्यावरून येणारा उजेड मऊ असतो आणि सकाळपेक्षा एक-दोन स्टॉप जास्त मिळतो.

परदेशी खंड्या

मी सिंगापूरला असतो. तुमचा तिबोटी इथेही येतो, स्थलांतराच्या दिवसांत, रात्री उडत. इथे त्याचा वैरी म्हणजे काच. उजळलेल्या इमारतींवर आपटून मरतो. आमच्या इमारतीच्या पायथ्याशी एका सकाळी एक पडलेला मिळाला. तळहातावर घेतला तर वजन असं लागलंच नाही. दोन्ही पायांची बोटं मोजली, तीन आणि तीन. लहानपणी चिपळूणला आजीकडे याला कधी पाहिलं नव्हतं, पाहिला तो असा. म्हणून पऱ्याकाठचीताई, तुमचा जिवंत खंड्या बघायची फार इच्छा आहे. जागा सांगाल का? डिसेंबरात येतोय.

पऱ्याकाठची

दादा, वाचून गलबलून आलं. पण डिसेंबरात तो इथे नसतो. आणि जागा मी कुणालाच सांगत नाही, राग मानू नका. फोटो टाकतानाही मी त्यातलं जीपीएस काढून टाकते, मोबाइलने काढला असेल तर आवर्जून. कधी जूनमध्ये आलात तर आमच्याकडेच उतरा, मामा नेईल.

हिरवाचाफा

लेन्सच्या काळजीचं राहिलं. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग लगेच उघडू नका, काचेवर वाफ धरते आणि ती पुसण्यात पहिला पक्षी जातो. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी रिंगमध्ये शिरते. कोकणातल्या घरात चार महिन्यांत काचेला बुरशी लागते, माझी एक लेन्स गेली तशी. जळवांसाठी मोज्यांवर तंबाखूचं पाणी.

छत्री उघडायची तर पक्षी यायच्या आधी उघडून ठेवा. त्याच्यासमोर फटकन उघडलीत तर दिवस संपला.

पऱ्याकाठची

धागा वर काढतेय. आर्द्रा संपता संपता लिहितेय.

नऊ दिवस वळणावर बसले. चाफा, तुमचं करड्या कार्डाचं केलं, हिरवट छटा गेली. कातळसडा, उणे १ वर ठेवलं. पहिले सहा दिवस नुसता आवाज, चीं करत पऱ्यावरून निळी रेघ जायची. सातव्या दिवशी समोरच्या मुळीवर बसला, पण मधे पान होतं. मी हलले नाही.

काल दुपारी एकच्या सुमाराला सर थांबली आणि वेलींमधून पांढरा उजेड मुळीवर उतरला. तो आला. साडेपाच मीटर. आयएसओ ५०००, ६.३, शटर १/४०. डोकं वर-खाली करत होता, मी वरच्या टोकाला थांबायची वाट बघत होते. तेवीस फोटो घेतले, त्यातले दोन स्वच्छ. एकात चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब आहे आणि त्या थेंबात पऱ्याचं आभाळ उलटं दिसतंय. मग त्याने बुडी मारली, बोटाच्या पेराएवढा खेकडा काढला आणि माझ्या उजव्या खांद्यावरून वरच्या अंगाला, बिळाच्या दिशेने गेला. न थांबता.

फोटो खाली जोडलाय. दुसराही टाकते, त्यात डोळ्यावर पापणी आली आहे पण कमरेची जांभळी झाक त्याच्यात जास्त खरी दिसते.

जुनीछत्री

थेंब पाहिला. मोठा करून दोनदा पाहिला. नातवाला दाखवला, तो विचारतो आहे की आभाळात ती काळी रेघ कसली?

पऱ्याकाठची

वेल आहे काका. तो आधी ज्याच्यावर बसतो तीच.